बी पडायला लागली की आजऱ्याला: काजूच्या हंगामातला एक दिवस

गुढीपाडवा जवळ आला की मामीचा फोन येतो. "बी पडाय लागलीया. कधी येतीस?" माझं आजोळ आजरा तालुक्यात, आंबोलीच्या रस्त्यावरून आत वळलं की डोंगराच्या उतारावर. मी राहते कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. गेली अकरा वर्षं काजूच्या हंगामातला एक दिवस मी तिकडं घालवते आणि दरवर्षी कुणाला तरी बरोबर नेते. कधी शेजारच्या काकू, कधी ऑफिसातल्या दोघी-तिघी, कधी भाचरं. "आम्हाला पण सांग ना कसं जायचं," असं म्हणणारे आता बरेच झालेत, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

मामीच्या गावाचं नाव लिहीत नाही. भर हंगामात तिच्या अंगणात चार अनोळखी गाड्या येऊन उभ्या राहाव्यात, असं मला वाटत नाही. पण आजरा आणि चंदगड तालुक्यांत डोंगराकडच्या कितीतरी गावांत काजूच्या बागा आहेत. कोल्हापुरात तुमच्या ऑफिसात, गल्लीत नाहीतर भिशीत त्या बाजूचं एखादं तरी माणूस असतंच. त्याच्याकडून ओळख काढा, आधी फोन करा, आणि ज्या दिवशी ते या म्हणतील त्याच दिवशी जा. आपल्या सुट्टीप्रमाणे त्यांना वाकवू नका.

हे मी पहिल्यांदा सांगते कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. हे दिवस त्या घराच्या कमाईचे असतात. पडलेली बी वेचायची, वाळवायची, विकायची, आणि त्या पैशातून पोरांच्या फिया, पावसाआधीची कौलं, बियाणं, एखादं जुनं देणं. पहाटेपासून घरातलं प्रत्येक माणूस बागेत असतं. अशा वेळी आपण चौघं जाऊन ओसरीवर बसलो आणि चहाची वाट बघत राहिलो, तर त्यांचा दिवस बुडतो. तेव्हा दोन हात वाढवायला जा. तुम्ही वेचलेली एक पाटी बी त्यांना कुठल्याही भेटवस्तूपेक्षा जास्त आवडते, हे मी मामीच्या तोंडावर बघितलंय.

केव्हा जायचं

काजूला साधारण डिसेंबर-जानेवारीत मोहोर येतो. होळीच्या आगेमागे ओले काजू मिळतात, म्हणजे बी अजून हिरवी असते आणि आतला गर मऊ, दुधाळ. मार्चच्या शेवटापासून पक्की बी पडायला लागते आणि एप्रिलभर पडत राहते. मे उजाडला की काजू सरत येतो, मग करवंदं, जांभळं आणि फणस. ज्याला ओल्या काजूची उसळच खायची आहे त्यानं होळीला जावं. सगळं थोडं थोडं बघायचं असेल तर पाडव्यानंतरचे दोन-तीन आठवडे मला सगळ्यात चांगले वाटतात. तेव्हा पक्की बी पडत असते, उशिरा मोहोरलेल्या झाडांवर ओले काजूही सापडतात, आणि बांधावरच्या जाळीत पहिली करवंदं काळी व्हायला लागलेली असतात.

तारीख मात्र फोनवर विचारूनच ठरवा, कारण हंगाम दरवर्षी सारखा नसतो. मोहोराच्या वेळी आभाळ दाटून राहिलं की ढेकण्या पडतो. हा किडा कोवळी फूट आणि मोहोर शोषून घेतो, मोहोर करपतो आणि पीक मागं पडतं. आणि एप्रिलात वळीव आला तर खाली पडलेली बी भिजते, काळी पडते, भाव उतरतो. वळवाचं आभाळ भरून आलं असेल त्या दिवशी घरातल्या सगळ्यांची धावपळ चाललेली असते. नवख्या माणसानं त्या दिवशी जाऊ नये.

बरोबर काय घ्यायचं

अंगात जुने, सुती, पूर्ण बाहीचे कपडे. बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, रस कपड्यावर पडला की तपकिरी डाग पडतो आणि तो कितीही घासा, निघत नाही. माझ्या एका मैत्रिणीनं मोरपंखी कुर्ता घातला होता, त्याच्यावर ते डाग अजून आहेत. पायात बूट हवेत, चप्पल नको. झाडाखाली वाळल्या पानांचा थर असतो आणि त्या भागात फुरसं हा विषारी साप असतो, तो पानांत दिसत नाही. हातात एक काठी असू द्या आणि पान उलटायचं झालं तर आधी काठीनं हलवा. डोक्याला टोपी किंवा रुमाल, प्रत्येकाला दोन लिटर पाणी, साबणाची वडी, आणि खोबरेल तेलाची छोटी बाटली. या तेलाचं काम पुढं सांगते, पण ही बाटली विसरू नका.

घरी न्यायला काय, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. मिठाई नको. मी द्राक्षं नेते. त्या दिवसांत तासगावकडची द्राक्षं कोल्हापुरात भरपूर असतात आणि डोंगरातल्या गावात सहसा मिळत नाहीत. दोन किलोची पेटी, शिवाय खारी-बटर आणि चहाची पूड. मुलं असतील तर चित्रांची पुस्तकं. गूळ नेऊ नका, त्यांच्याकडं असतो.

आणि एक महत्त्वाचं. बरोबरच्यांपैकी कुणाला काजूची ॲलर्जी असेल तर त्याला नेऊच नका. ज्याला बिब्बा उततो, किंवा आंब्याच्या चिकानं तोंडाला पुरळ येतं, त्यानंही काजूची कच्ची बी हाताळू नये. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत आणि तिघांचा चीक तशाच जातीचा आहे.

जाण्याचा रस्ता

कोल्हापुरापासून आजरा साधारण ८५ किलोमीटर. कागल, निपाणी, उत्तूर करून जायचं, नाहीतर संकेश्वर-गडहिंग्लजवरून. एसटी मध्यवर्ती बसस्थानकावरून मिळते, अडीच तास धरा. स्वतःची गाडी असेल तर साडेपाचला निघा. सहाला निघालात तर साडेआठ होतात, आणि तोवर बागेतलं निम्मं काम झालेलं असतं.

निपाणीपर्यंत हमरस्ता आहे, त्यात बघण्यासारखं फारसं नाही. उत्तूर मागं पडलं की मात्र खिडकीकडच्या माणसानं झोपू नये. उसाची काळी रानं विरळ होत जातात आणि माती हळूहळू तांबडी होते. घरांच्या भिंतींत जांभा दगड दिसायला लागतो. मग रस्त्याच्या कडेला पहिली काजूची झाडं येतात, बुटकी, पसरट, फांद्या जमिनीपर्यंत टेकलेल्या. लहानपणी एसटीतून ही माती दिसली की आई म्हणायची, "आलं माहेर." आजऱ्याच्या बसस्थानकावर उतरलात तर तिथंच परतीच्या गाड्यांच्या वेळा विचारून लिहून घ्या. संध्याकाळी विचारू म्हणाल तर फसाल.

बागेत

गावात पोचल्यावर चहा घ्या, पण लांबवू नका. ऊन चढायच्या आत वेचणं व्हायला पाहिजे.

काजूचं झाड जवळून न पाहिलेल्यांसाठी सांगते. आपण ज्याला काजू म्हणतो ती बी फळाच्या आत नसते. ती फळाच्या बुडाला बाहेर लोंबते, मूत्रपिंडाच्या आकाराची, राखाडी. वरचं लाल नाहीतर पिवळं, ढोबळ्या मिरचीसारखं दिसणारं जे असतं ते बोंडू. आधी बी मोठी होते आणि बोंडू मागून फुगतं. एकाच फांदीवर मोहोर, हिरवी बी आणि पिकलेलं बोंडू एका वेळी सापडतं. म्हणूनच फांदी हलवायची नाही, ओढायची नाही आणि झाडावर चढायचं तर नाहीच. एक पिकलेलं बोंडू काढायला फांदी हलवली की पुढच्या आठवड्याची दहा कोवळी फळं खाली येतात. शहरातली पोरं पहिल्यांदा हेच करतात आणि घरची माणसं संकोचानं काही बोलत नाहीत. बागेत शिरायच्या आधीच मुलांना बजावून ठेवा.

वेचायची ती फक्त पडलेली बी. मामा म्हणायचे, "झाड देईल तवा घ्यायचं." त्याला कारणही आहे. पूर्ण भरलं की फळ आपोआप गळतं. झाडावरून ओढून काढलेल्या बीत गर पोकळ किंवा सुरकुतलेला निघतो आणि व्यापारी तो लगेच ओळखतो.

आता हातांचं. आधी दोन्ही हातांना, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, खोबरेल तेल चोळा. पडलेलं बोंडू डाव्या हातात धरा, उजव्या हाताच्या चिमटीत बी धरून पिरगळा. टक्कन सुटते. बी पाटीत, बोंडू बाजूच्या ढिगात. बोंडू आणि बी एकत्र टाकलं तर बोंडू आंबतं आणि बीला ओल लागते. पहिल्या पंधरा मिनिटांत बोटं चिकट होतात, पाठ दुखायला लागते आणि पाटीचं बूड पण झाकलेलं नसतं. मामी तोवर तिची दुसरी पाटी भरत असते. तिचा वेग बघत बसू नका, आपली झाडं वाटून घ्या आणि एका झाडाखालचं पूर्ण वेचल्याशिवाय दुसऱ्याकडं जाऊ नका. पानांखाली लपलेली बी राहिली तर रात्री साळिंदर खातं नाहीतर ओल लागून कुजते.

मामीच्या बागेत दोन प्रकारची झाडं आहेत. आजोबांनी बी टोचून लावलेली जुनी, उंच, आणि नंतर कलमं आणून लावलेली. कलमं वेंगुर्ल्याची. तिथलं फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचं, आणि तिथं तयार झालेल्या जाती नुसत्या आकड्यानं ओळखल्या जातात: वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात. सात नंबरची बी हातात घेतली की फरक लगेच कळतो, एकेक बी जवळजवळ दहा ग्रॅमची. गावठी बी त्याच्या निम्मी भरते. चव विचाराल तर मला गावठीच जास्त गोड लागते, पण बाजार वजनावर चालतो.

दहा वाजता वेचणं थांबवून बोंडू खायची. चांगली टणक, न फुटलेली निवडा, धुवा, गोल चकत्या करा, मीठ आणि थोडं तिखट लावा, पाच मिनिटं तशीच ठेवा. मिठानं तुरटपणा कमी होतो. न लावता खाल्लंत तर घसा खवखवतो. त्यात क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. पण बोंडू एका दिवसात नासतं, म्हणून ते कोल्हापूरच्या मंडईत दिसत नाही. ते खायचं तर झाडाखालीच. खाताना पुढं वाका, रस हनुवटीवरून थेट कपड्यावर येतो.

भाजणं

मुलांना सगळ्यात जास्त हेच आठवतं, आणि सगळ्यात जास्त काळजी इथंच घ्यायची आहे.

बीच्या टरफलात एक दाट, तपकिरी तेल असतं. ते कातडीला लागलं की भाजल्यासारखं होतं, फोड येतात, मग कातडं काळं पडून सोलून निघतं. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना मी मामीशी बोलण्यात गुंग होते आणि त्यानं एक कच्ची बी दातांत धरून फोडली. अर्ध्या तासात ओठ सुजले, रात्रीपर्यंत फोड आले. दोन दिवस तो चमच्यानं पेज प्यायला. चूक माझी होती, मी त्याला आधी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून बागेत पाऊल ठेवायच्या आधी प्रत्येक मुलाकडून मी वदवून घेते: बी तोंडात घालायची नाही, बीला लावलेला हात डोळ्याला लावायचा नाही, आणि मोठ्यांनी दिल्याशिवाय कुठलाच गर खायचा नाही. तेल लागलंच तर चोळू नका. साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा, वरून खोबरेल लावा, आणि फोड आले किंवा डोळ्याला लागलं तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांकडं जा.

भाजायला वाळलेली बी लागते. मामी दोन-तीन दिवस अंगणात उन्हात वाळवते. बी नीट भरलेली आहे का हे बघायचं असेल तर मूठभर पाण्यात टाका. भरलेली बुडते, पोकळ तरंगते.

घरापासून लांब, गवत नसलेल्या जागी, तीन दगड मांडतात. एप्रिलात सगळं रान वाळलेलं असतं आणि एका ठिणगीनं वणवा लागतो, म्हणून आधी जागा झाडून भोवती पाणी शिंपडतात आणि एक भरलेली बादली बाजूला ठेवतात. तेलाचा जुना पत्र्याचा डबा आडवा कापून त्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेली असतात. त्यात दोन-तीन ओंजळी बी. खाली काटक्यांचा जाळ. वारा कुठून येतोय ते बघून त्याच बाजूला उभं राहायचं, म्हणजे धूर आपल्यापासून लांब जातो. हा धूर साध्या लाकडाच्या धुरासारखा नाही, डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. मुलं दहा पावलं मागं.

सुरुवातीला काहीच होत नाही. मामी लांब काठीनं बी खालीवर करत राहते. मग टरफलं काळपट, ओलसर दिसायला लागतात. कुठूनतरी चर्र असा आवाज येतो, बीला बारीक छिद्र पडून तेलाची पिचकारी उडते, आणि भोकांतून गळणारं तेल जाळात पडलं की जाळ एकदम वर येतो. पुढच्या क्षणी डब्यातली बीच पेटते. पिवळ्या ज्वाला, काळा धूर, तडतड. नवखा माणूस इथं घाबरून पाणी मारायला धावतो. पाणी मारायचं नाही, बादली रानासाठी आहे. मामी मनात काहीतरी मोजते, मी विचारलं तर म्हणाली, "मोजत न्हाई, वास बघती." चिकाचा उग्र वास जाऊन त्याच्या आड भाजक्या गराचा गोडसर वास आला की ती काठीनं डबा कलंडून सगळी बी मातीवर ओतते आणि वरून चुलीतली राख टाकते. जाळ विझतो आणि राख टरफलावरचं उरलेलं तेल शोषून घेते. एवढ्याशा उशिरानं गर करपतो आणि एवढ्याशा घाईनं कच्चा राहतो.

गार झाल्यावर फोडायची. सपाट दगडावर बी कडेवर उभी धरायची, तिच्या वाकलेल्या पाठीवर लाकडी थापीनं एकच हलका टोला द्यायचा. जोरात मारलं की गराचा चुरा. टरफल दोन भागांत उघडतं आणि आत तपकिरी सालीत गुंडाळलेला गर, अजून कोमट. बोटांना राख लावून साल चोळून काढा. माझे पहिल्या वीसातले पंधरा तुकडे निघाले होते, आता निम्मे तरी अख्खे निघतात. हा काजू दुकानातल्यासारखा पांढरा नसतो. कडेनं तांबूस, धुराचा वास असलेला, आणि चवीला खमंग. एकदा खाल्ला की पाकिटातला काजू बरेच दिवस बेचव लागतो.

जेवण

ओले काजू मिळाले असतील तर उसळ होतेच. हिरवी बी उभी चिरायची, काडीनं गर उकरून काढायचा, कोमट पाण्यात टाकायचा, म्हणजे साल हातानं निघते. दोन वाट्या गर काढायला मला आणि मामीला मिळून तास लागला होता, तेव्हा ताटात पडलेल्या उसळीतला काजू टाकू नका. मामी कांदा, ओलं खोबरं, थोडा गूळ आणि घरचं तिखट घालते. कोल्हापूरची म्हणून मी एकदा कांदा-लसूण मसाला घातला, तर सगळी चव मसाल्याचीच झाली. ओल्या काजूला मसाला कमी.

बरोबर नाचण्याची भाकरी, आमसुलाचं सार आणि घनसाळचा भात. आजरा घनसाळ हा इथला आखूड दाण्याचा वासाचा तांदूळ, २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भात शिजायला लागला की वास ओसरीपर्यंत येतो. घरात शिल्लक असेल आणि त्यांनी आपणहून विचारलं, तर विकत घ्या. खाण्यापुरताच ठेवलेला असेल तर मागू नका.

जेवल्यावर भांडी घासायला बसा. नको म्हणतील, तरी बसा.

विकत घेताना

दुपारी ऊन कमी झालं की जवळच्या एखाद्या काजू कारखान्यात घेऊन चला म्हणा. आजरा-चंदगडकडं असे छोटे कारखाने आहेत. परवानगी घेऊनच आत जा आणि फोटो काढायच्या आधी काम करणाऱ्या बायकांना विचारा. तिथं बी उघड्यावर भाजत नाहीत. बॉयलरच्या वाफेवर शिजवतात, गार करतात, मग हात आणि पाय दोन्ही लागणाऱ्या कटरवर एकेक बी कापतात. गर भट्टीत सुकवतात, साल काढतात आणि शेवटी हातानं निवड करतात. एका बाईला मी पंधरा मिनिटं बघत होते. डावा हात बी ठेवतो, पाय दाबतो, उजवा हात दांडा फिरवतो, गर एका बाजूला, टरफल दुसऱ्या बाजूला. मान वर नाही.

तिथल्या पिशव्यांवर १८०, २१०, २४०, ३२० असे आकडे असतात. हे एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, किती अख्खे गर बसतात त्याचे आकडे. १८० म्हणजे मोठा काजू, ३२० म्हणजे मध्यम. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव जास्त. उसळीला, शिऱ्याला, वाटणाला अख्खा काजू घेऊ नका, पाकळी किंवा तुकडा घ्या. चव तीच, पैसे कमी. ताज्या गराला हस्तिदंती रंग असतो आणि दातांत कुरकुरीत तुटतो. तोडून नाकाजवळ धरा, जुन्या तेलाचा वास आला तर तो आधीच्या वर्षीचा.

एक प्रश्न जरूर विचारा: बी कुठली? आपल्या देशातल्या कारखान्यांना इथली बी पुरत नाही, आफ्रिकेतल्या देशांतून कच्ची बी बोटीनं मोठ्या प्रमाणावर येते. त्यात फसवणूक काही नाही, कारखाना वर्षभर चालायला ती लागते. पण तुम्हाला याच डोंगरातला काजू हवा असेल तर तसं स्पष्ट सांगून मागा, किंवा शेतकऱ्याच्या घरातूनच घ्या.

आणि घरातून घेताना घासाघीस करू नका, हे मी कळकळीनं सांगते. साधारण चार किलो बीतून एक किलो गर निघतो. म्हणजे बीच्या भावाची चौपट ही नुसती कच्च्या मालाची किंमत झाली. त्यावर वेचणं, वाळवणं, भाजणं, फोडणं, सोलणं. सकाळी तुम्ही स्वतः तासभर वाकून किती बी वेचली ते आठवा आणि मग भाव बोला. मामी माझ्याकडून पैसे घेत नाही, म्हणून मी गावातला त्या दिवसाचा भाव दुसऱ्या घरी विचारते आणि तेवढे पैसे देवापुढच्या डब्यात ठेवून येते. तिला कळतं, पण बोलत नाही.

परतताना

साडेचारला निघा. वाटेत आजऱ्याजवळ हिरण्यकेशीवर रामतीर्थ आहे, तिथं अर्धा तास थांबता येतं. ही नदी आंबोलीत उगम पावते. एप्रिलात पाणी कमी असतं, पण खडकांच्या सावलीत पाय सोडून बसलं की दिवसभराचा शीण जातो. खोल डोहात उतरू नका.

अंधार पडायच्या आत डोंगराकडचे रस्ते सोडायचे. या भागात गवे आहेत, संध्याकाळी रस्त्यावर येतात. आजरा-चंदगडच्या रानात हत्तीही फिरतात, पूर्वी कर्नाटकातून आले. निघताना गावात विचारा, "हत्ती कुठल्या बाजूला हाय?" लोकांना ठाऊक असतं. ते ज्या रस्त्यानं जाऊ नका म्हणतील त्या रस्त्यानं जाऊ नका, आणि हत्ती दिसलाच तर गाडीतून उतरून फोटो काढण्याचा विचारसुद्धा मनात आणू नका. त्याच्या वाटेत राहणाऱ्या माणसांनी त्याच्यापायी माड, केळी, ऊस गमावलेले आहेत.

घरी आल्यावर बागेतले कपडे वेगळे भिजत घाला, बाकीच्यांत मिसळू नका. सोबत कच्ची बी आणली असेल तर ती स्वयंपाकघरात आणि मुलांच्या हाताला येईल अशी ठेवू नका, आणि फ्लॅटच्या गॅसवर तर कधीच भाजू नका. भाजलेला काजू ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. महिन्याच्या वर ठेवायचा असेल तर फ्रीजमध्ये. आणि झोपायच्या आधी तिकडं एक फोन करा. मामी पोचल्याचा फोन येईपर्यंत जागी असते, आणि तिला पहाटे पाचला परत बागेत जायचं असतं.